एरर मेसेजमध्ये किती सांगायचं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळच्या पत्रांमध्ये एकच विषय पुन्हा पुन्हा आला: सॉफ्टवेअर अडलं की पडद्यावर काय लिहायचं आणि काय लिहायचं नाही. विचारणाऱ्यांत प्रोग्रामर आहेत, डिझायनर आहेत आणि हेल्पडेस्कवर फोन घेणारेही आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमच्या टीममध्ये दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’ एवढं पुरे, बाकीचं लोकांना कळत नाही. दुसऱ्याचं म्हणणं, खरं कारण जसंच्या तसं दाखवा. योग्य प्रमाण कोणतं?

आधी एक ठरवा: ही अडचण कोण दूर करू शकतं? त्याचं उत्तर मिळालं की प्रमाण बहुतेक वेळा आपोआप ठरतं.

अडचण वापरणाऱ्यालाच दूर करता येण्यासारखी असेल, म्हणजे तारीख उलटी भरली, फाइल फार मोठी आहे, डिस्क भरली, तर तपशील भरपूर द्या. ‘फाइल चालणार नाही’ असं लिहून थांबू नका. ‘ही फाइल १४ एमबीची आहे, मर्यादा १० एमबी आहे. लहान करून पुन्हा जोडा’ असं लिहा. दोन्ही आकडे हवेत. नुसती मर्यादा सांगितली तर माणसाला आपली फाइल केवढी आहे ते शोधायला दुसरीकडे जावं लागतं, आणि तो आकडा प्रोग्रामला त्या क्षणी माहीत असतोच.

अडचण थोड्या वेळाने आपोआप सुटणारी असेल, म्हणजे सर्व्हरवर गर्दी आहे किंवा नेटवर्क तुटलं आहे, तर कारण एका वाक्यात पुरतं. त्याऐवजी वेळ सांगा: पुन्हा प्रयत्न केव्हा करायचा, की प्रोग्राम स्वतःच करणार आहे. स्वतः करणार असेल तर बटण दाबत बसायची गरज नाही हेही लिहा, नाहीतर आधीच दमलेल्या सर्व्हरवर लोक आणखी ओझं टाकतात.

तिसरा प्रकार म्हणजे प्रोग्राममधलाच दोष किंवा चुकलेली सेटिंग. इथे वापरणारा काहीच करू शकत नाही. त्याला ‘नल पॉइंटर’ असला प्रोग्रामरांचा शब्द दाखवून उपयोग नाही, आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणणं तर त्याची फसवणूक आहे, कारण दहाव्यांदाही तेच होणार. त्याला सांगा की दोष आमच्याकडे आहे, नोंद झाली आहे, आणि कळवायचं असेल तर हा क्रमांक द्या.

तिन्ही प्रकारांत एक गोष्ट हमखास राहून जाते: माझ्या कामाचं काय झालं? अर्धा तास घालवून भरलेला फॉर्म गेला की राहिला, निम्म्या नोंदी झाल्या की एकही नाही, ईमेल निघून गेला की नाही, हे माणसाला सगळ्यात आधी हवं असतं. ‘सेव्ह झालं नाही. तुम्ही लिहिलेलं या पानावर तसंच आहे, पान बंद करू नका’ हे वाक्य कुठल्याही तांत्रिक कारणापेक्षा मोलाचं आहे. मात्र ते खरं असायला हवं. मजकूर राखून ठेवायची सोय आधी करा, मग ते वाक्य लिहा.

अपुऱ्या संदेशाची किंमत किती मोठी असू शकते याचं सगळ्यात गंभीर उदाहरण थेराक-२५ या किरणोपचार यंत्राचं आहे. १९८५ ते १९८७ या काळात त्या यंत्राचे सहा अपघात झाले, त्यांत रुग्णांना प्रचंड प्रमाणात जादा किरण मिळाले आणि काहींचा मृत्यू झाला. १९८६ साली टेक्सासमधल्या अपघातांच्या वेळी पडद्यावर फक्त ‘मालफंक्शन ५४’ असं उमटलं. चालकाच्या पुस्तिकेत त्याचा अर्थ दिलेला नव्हता. किरणांची मात्रा फार जास्त किंवा फार कमी गेली, असा तो अर्थ होता. यंत्र असे क्रमांक वरचेवर दाखवत असे आणि ‘पी’ ही कळ दाबली की काम पुढे चालू होई, त्यामुळे चालकांना ती कळ दाबण्याची सवय झाली होती. मूळ दोष सॉफ्टवेअरमध्ये आणि सुरक्षेच्या रचनेत होता हे खरं. पण संदेशाने तीन गोष्टी एकदम केल्या: काय घडलं ते लपवलं, ते किती गंभीर आहे ते लपवलं, आणि पुढे जाण्याची वाट सगळ्यात सोपी ठेवली. तुमचा प्रोग्राम कुणाच्या जिवाशी खेळत नसला तरी स्वतःच्या पडद्यांवर या तीन गोष्टी तपासा.

प्रश्न : लॉगिन चुकलं की ‘पासवर्ड चुकीचा’ आणि ‘असं खातंच नाही’ असे वेगळे संदेश आम्ही देत होतो. सुरक्षा तपासणीत ते एक करायला सांगितलं. आता लोक तक्रार करतात की नेमकं काय चुकलं ते कळत नाही. कोण बरोबर?

तपासणी करणारे बरोबर आहेत, पण संदेश एक केला म्हणजे काम झालं असं नाही.

वेगळे संदेश दिले की कुणीही ईमेल पत्त्यांची यादी घेऊन एकेक पत्ता टाकून पाहू शकतो आणि कुणाची खाती तुमच्याकडे आहेत ते काढू शकतो. मग त्याच पत्त्यांवर दुसरीकडून फुटलेले पासवर्ड लावून बघता येतात, किंवा तुमच्या नावाने बनावट ईमेल पाठवता येतात. आणि सेवाच खाजगी स्वरूपाची असेल, आजारपणाशी किंवा जोडीदार शोधण्याशी संबंधित, तर ‘या व्यक्तीचं इथे खातं आहे’ एवढी माहितीही घात करू शकते.

म्हणून लॉगिनवर ‘ईमेल किंवा पासवर्ड जुळत नाही’ हे एकच वाक्य ठेवा. पण हीच माहिती आणखी दोन दारांनी बाहेर जाते. ‘पासवर्ड विसरलात?’ या पानावर ‘हा पत्ता आमच्याकडे नाही’ असं येत असेल तर लॉगिनवरची काळजी वाया गेली. तिथे दोन्ही वेळा लिहा: ‘या पत्त्यावर खातं असेल तर काही मिनिटांत लिंक येईल. आली नाही तर स्पॅममध्ये पाहा, किंवा नोंदणी दुसऱ्या पत्त्याने केली होती का ते आठवून पाहा.’ नोंदणीच्या पानावर ‘हा पत्ता आधीच नोंदलेला आहे’ हेही तसंच. तिथे सगळ्यांना ‘पुढची पायरी ईमेलवर पाठवली आहे’ असं सांगा. नव्या माणसाला पडताळणीची लिंक जाते, जुन्याला ‘तुमचं खातं आधीच आहे, इथून लॉगिन करा’ असं पत्र जातं. खरं उत्तर ज्याच्या हाती ती मेलपेटी आहे त्यालाच मिळतं. माणूस तपशिलापासून वंचित राहत नाही, फक्त तो तपशील त्याच्या खात्रीच्या ठिकाणी पोचतो.

शब्द एक केले तरी वेळ फरक सांगून जातो. बीक्रिप्टसारखी पासवर्ड तपासण्याची पद्धत मुद्दाम संथ ठेवलेली असते, एका तपासणीला शे-दोनशे मिलिसेकंद लागतात. खातंच नसेल आणि तुमचा कोड तपासणी न करता लगेच परतत असेल, तर उत्तर चटकन येतं आणि मोजणाऱ्याला सगळं कळतं. उपाय सोपा आहे: खातं सापडलं नाही तरी एका ठरावीक खोट्या हॅशवर (म्हणजे पासवर्डच्या साठवलेल्या सांकेतिक रूपावर) तितकीच तपासणी चालवा. विसरलेल्या पासवर्डचा ईमेल त्याच क्षणी पाठवू नका, रांगेत टाका, म्हणजे दोन्ही उत्तरं सारख्याच वेळात जातील. स्टेटस कोड (सर्व्हर उत्तरासोबत पाठवतो तो निकालाचा आकडा), उत्तराची लांबी आणि ‘पाच प्रयत्नांनंतर खातं बंद’ हा संदेशही तपासा. तो संदेश फक्त खऱ्या खात्यांनाच येत असेल तर तीही चुगलीच.

हे अति सावध वाटत असेल तर सांकेतिक लेखनाचा इतिहास पाहा. १९९८ साली डॅनियल ब्लायखेनबाखर यांनी दाखवलं की सांकेतिक संदेशाची मांडणी बरोबर आहे की चूक एवढंच सर्व्हर सांगत असेल, तर त्या हो-नाहीच्या आधारे लाखो प्रश्न विचारून किल्ली नसतानाही मजकूर उलगडता येतो. २००२ साली सर्ज व्होदने यांनी पॅडिंगच्या, म्हणजे संदेशाची लांबी पुरी करायला जोडलेल्या भरतीच्या बाबतीत तसाच हल्ला मांडला आणि २०१० साली एएसपी डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या वेब प्रणालीवर तो प्रत्यक्षात उतरला. दुरुस्ती हाती येईपर्यंत सुचवलेल्या उपायाचा गाभा हाच होता की सगळ्या चुकांना एकच पान दाखवा.

आता तुमच्या तक्रार करणाऱ्यांकडे वळू. त्यांना देण्यासारखं बरंच आहे. कॅप्स लॉक चालू आहे, ईमेलमध्ये @ नाही, शेवटी मोकळी जागा पडली आहे: हे सगळं त्यांच्याच कीबोर्डवरून कळतं, त्यात गुपित काही नाही. पासवर्ड बरोबर निघाल्यानंतर मात्र मोकळेपणाने सांगा: मुदत संपली आहे, खातं गोठवलं आहे, दुसऱ्या टप्प्याचा कोड जुना झाला आहे. ओळख पटल्यावर लपवण्याचं कारण उरत नाही. आणि ज्या सेवेत सदस्यांची नावं उघडच दिसतात, तिथे ‘हे नाव घेतलेलं आहे’ असं नोंदणीला सांगायला हरकत नाही. तिथे ईमेल पत्ता तेवढा झाका.

प्रश्न : स्टॅक ट्रेस, म्हणजे चूक कोडच्या कोणत्या ओळींतून आली त्याची यादी, दाखवू नका म्हणतात. पण मग हेल्पडेस्कला काहीच हाती लागत नाही. मधला मार्ग कसा बांधायचा?

तपशील लॉगमध्ये (प्रोग्रामच्या नोंदवहीत), पडद्यावर त्याचा धागा. धागा म्हणजे संदर्भ क्रमांक, आणि तो नीट बांधला तर हेल्पडेस्कला स्टॅक ट्रेसच्या स्क्रीनशॉटपेक्षा जास्त मिळतं.

आधी गळती बंद करा. जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये डीबग ही सेटिंग प्रत्यक्ष वापराच्या सर्व्हरवर बंद हवी. ती चालू राहिली तर चूक दाखवणाऱ्या पानावर कोडच्या ओळी, व्हेरिएबलच्या किमती आणि सेटिंग्ज दिसतात. नावात ‘पास’, ‘सीक्रेट’, ‘टोकन’ असले शब्द असलेल्या सेटिंग्ज ते पान झाकतं, पण भलत्याच नावाच्या सेटिंगमध्ये गुंफलेला डेटाबेसचा पासवर्ड उघडा राहू शकतो. पीएचपी या भाषेत ‘डिस्प्ले एरर्स’ बंद आणि ‘लॉग एरर्स’ चालू, ही जोडी एकत्रच बदला. नुसतं पहिलं बंद केलं तर चूक कुठेच दिसत नाही. जावाच्या स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कने २.३ या आवृत्तीपासून एक्सेप्शनचा (आत उद्भवलेल्या चुकीचा) मजकूर उत्तरात पाठवणं मूळ सेटिंगमध्येच बंद केलं. तो पुन्हा चालू करायचा मोह बऱ्याच टीमना होतो. करू नका. एक्सेप्शनच्या मजकुरात टेबलांची नावं, फाइलींचे मार्ग, आतल्या सर्व्हरचे पत्ते, कधी डेटाबेसला दिलेलं पूर्ण एसक्यूएल वाक्य असतं, आणि इंजेक्शनचा, म्हणजे अशा वाक्यात स्वतःच्या आज्ञा घुसवण्याचा हल्ला करणारा नेमका तोच मजकूर वाचून पुढचं पाऊल ठरवतो.

आता क्रमांक. प्रत्येक विनंतीला आत येतानाच एक ओळख द्या आणि ती त्या विनंतीच्या प्रत्येक लॉग ओळीत उमटू द्या. ट्रेसिंगच्या (विनंतीचा माग ठेवण्याच्या) प्रमाणित पद्धतीत ही ओळख ३२ अक्षरांची असते. फोनवर ती सांगताना माणूस चुकणारच. पडद्यासाठी वेगळी ८ अक्षरांची ओळख काढा, चार-चारच्या दोन गटांत. त्यासाठी प्रोग्रामर डग्लस क्रॉकफर्ड यांची ३२ चिन्हांची वर्णमाला चांगली आहे. तिच्यात आय, एल, ओ आणि यू ही इंग्रजी अक्षरं वगळली आहेत, त्यामुळे एक आणि आय, शून्य आणि ओ यांची गल्लत होत नाही. आठ चिन्हांतून एक लाख कोटींहून जास्त जोड्या निघतात. तरीही सुमारे १२ लाख क्रमांक साठले की त्यांत कुठेतरी दोन सारखे निघण्याची शक्यता निम्मी होते, म्हणून शोधताना क्रमांकासोबत तारीखही वापरा. पडद्यावर क्रमांकाशेजारी वेळ छापा, तीही कोणत्या टाइम झोनची ते लिहून. शेजारी कॉपी करण्याचं बटण द्या.

तीन ठिकाणी हे बिघडतं. एक, चूक ब्राउझरमध्येच झाली आणि विनंती सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही. मग सर्व्हरने दिलेला क्रमांक नसतो. तिथे क्रमांक ब्राउझरनेच तयार करावा आणि जोडणी आली की चुकीसह पाठवावा. दोन, लॉग सात दिवसांत पुसले जातात आणि तक्रार दहाव्या दिवशी येते. हेल्पडेस्कला तक्रारी किती उशिरा येतात ते पाहूनच लॉग ठेवण्याची मुदत ठरवा. तीन, पडद्यावरून काढलेली गुपितं लॉगमध्ये जशीच्या तशी जातात. पासवर्ड, कार्ड क्रमांक, सत्राचं टोकन हे लॉगमध्ये लिहिण्याआधीच झाकायला हवं. लॉग वाचणाऱ्यांची संख्या आपण समजतो त्यापेक्षा नेहमी जास्त असते.

प्रश्न : आमच्या प्रणालीत हजारो ओळींची शीट एकदम भरतात. एखाद्या ओळीत चूक असली की ‘इम्पोर्ट अयशस्वी’ एवढंच येतं. सगळा तपशील दाखवला तर यादी संपतच नाही. काय करावं?

इथे कंजुषी करू नका. माणूस शीट उघडून दुरुस्त करायला बसलेला आहे, त्याला पत्ता हवा आहे: ओळ, रकाना, आत काय सापडलं आणि काय अपेक्षित होतं. ‘ओळ ४१७, रकाना “जन्मतारीख”: ३१/०२/१९९० ही तारीख अस्तित्वात नाही.’ ओळीचा क्रमांक शीटमध्ये दिसतो तोच द्या. प्रोग्राम शून्यापासून मोजतो आणि शीर्षकाची ओळ वगळतो, त्यामुळे आकडा दोनाने चुकतो आणि माणूस भलतीच ओळ तपासत बसतो. ही चूक इतक्या ठिकाणी आढळते की चाचण्यांमध्ये तिच्यासाठी वेगळी चाचणी ठेवलेली बरी.

पहिल्या चुकीवर थांबू नका, सगळी शीट तपासा. पण एकाच रकान्यात ३,००० वेळा तीच चूक असेल तर ३,००० वाक्यं लिहू नका: ‘“दिनांक” रकान्यात ३,००० ओळींत महिना आणि दिवस उलटे दिसतात, पहिली ओळ २’ हे पुरतं. पडद्यावर पहिल्या वीस-पंचवीस चुका दाखवा आणि पूर्ण यादी मूळ शीटलाच ‘चूक’ नावाचा एक जादा रकाना जोडून परत द्या. दुरुस्ती तिथेच करता येते. आणि वरती एका ओळीत निकाल: ‘एकही ओळ भरली नाही’ किंवा ‘४,९८८ ओळी भरल्या, १२ वगळल्या’. हे नसेल तर माणूस पूर्ण शीट पुन्हा चढवतो आणि नोंदी दुप्पट होतात.

डेटाबेस बनवणाऱ्यांनाही हे शिकायला वेळ लागला. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये मजकूर रकान्यापेक्षा लांब असला की कित्येक वर्षं चूक क्रमांक ८१५२ येई: मजकूर कापला जाईल, बस. कोणतं टेबल, कोणता रकाना, काही नाही. साठ रकान्यांच्या टेबलात दोषी रकाना शोधायला माणूस अर्धा दिवस घालवत असे. २०१९ च्या आवृत्तीत तिची जागा २६२८ ने घेतली. ती टेबल, रकाना आणि कापला जाणारा मजकूर तिन्ही सांगते. सुधारणा मोठी आहे, पण लक्षात ठेवा, तो मजकूर एखाद्याचा पत्ता किंवा आजाराची नोंद असू शकतो, आणि आता तो तुमच्या लॉगमध्ये जातो.

लांबीबद्दल आणखी एक, देवनागरी मजकूर साठवणाऱ्या प्रत्येकासाठी. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि मात्रा नि हलन्त ही वेगळी चिन्हं धरली जातात. ‘क्षितिज’ हे नाव वाचणाऱ्याला तीन अक्षरांचं दिसतं, आत ७ चिन्हं आहेत, म्हणजे २१ बाइट. ओरॅकल या डेटाबेसमध्ये रकान्याची लांबी मूळ सेटिंगमध्ये बाइटमध्ये मोजली जाते. २० लांबीच्या रकान्यात हे नाव टाकलं की चूक १२८९९ येते: प्रत्यक्ष २१, कमाल २०. प्रोग्रामरला हे पुरतं. हाच आकडा उचलून ‘नाव २० अक्षरांपेक्षा मोठं आहे’ असं पडद्यावर लिहिलं तर तीन अक्षरांचं नाव भरणाऱ्याने काय समजायचं? मर्यादा माणूस मोजतो त्या एककात सांगता येत नसेल तर मर्यादाच चुकीची आहे. रकाना रुंद करा.

प्रश्न : पैसे भरताना व्यवहार अडकला तर किती सांगावं? लोक घाबरून पुन्हा पुन्हा बटण दाबतात.

ते बटण दाबतात कारण तुम्ही ‘व्यवहार अयशस्वी’ लिहिलंत आणि कदाचित ते खरं नव्हतं. समोरून उत्तर वेळेत आलं नाही म्हणजे व्यवहार फसला असं होत नाही. तो झालाही असेल. झाला, झाला नाही आणि अजून माहीत नाही, अशा तीन अवस्था कोडमध्येच वेगळ्या ठेवा. तिसरीचा संदेश: ‘बँकेकडून उत्तर आलेलं नाही. पैसे गेले असतील किंवा नसतील. पुन्हा भरू नका, आम्ही तपासून १५ मिनिटांत कळवू.’ १५ हा आकडा तुमची तपासणी खरोखर जेवढ्यात होते तेवढा असू द्या. एका भरण्याच्या प्रत्येक प्रयत्नासोबत तीच, न बदलणारी किल्ली (ओळख क्रमांक) पाठवा, म्हणजे बटण दोनदा दाबलं तरी सर्व्हर तीच किल्ली ओळखून एकदाच पैसे घेईल. संदेश कितीही चांगला असला तरी या किल्लीशिवाय भागणार नाही.

नकाराचं कारण सगळंच सांगायचं नसतं. कार्ड व्यवहारांच्या आयएसओ ८५८३ या प्रमाणात ५१ म्हणजे शिल्लक अपुरी, ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली, ९१ म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेची यंत्रणा उपलब्ध नाही. ही तिन्ही कारणं सांगा, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. ०५ म्हणजे बँकेने कारण न देता दिलेला नकार. तिथे ‘बँकेशी बोला’ एवढंच प्रामाणिक उत्तर आहे. ४१ आणि ४३ म्हणजे हरवलेलं आणि चोरीला गेलेलं कार्ड. ही दोन पडद्यावर कधीच सांगू नका, कारण त्या क्षणी ते कार्ड कुणाच्या हातात आहे ते तुम्हाला माहीत नाही. तिथेही ०५ चाच संदेश द्या.

प्रश्न : एपीआयमधून, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलण्याच्या मार्गातून, चूक कळवताना २०० (‘सगळं ठीक’) हा स्टेटस कोड पाठवून आत ‘सक्सेस : फॉल्स’ लिहिलं तर चालतं का?

टाळा. मधले कॅशे, निरीक्षणाची साधनं, पुन्हा प्रयत्न करणाऱ्या लायब्ररी स्टेटस कोडच वाचतात. त्यांना सगळं आलबेल दिसतं. चूक कळवणाऱ्या मजकुरासाठी आरएफसी ९४५७ हे इंटरनेटचं प्रमाण आहे, जुलै २०२३ चं, २०१६ च्या ७८०७ च्या जागी आलेलं. टाइप, टायटल, स्टेटस, डिटेल आणि इन्स्टन्स हे पाच घटक. प्रोग्रामने टाइप वाचावं, माणसाने डिटेल. डिटेलमधलं वाक्य शोधून कुणी निर्णय घेऊ लागलं की तुम्हाला त्यातला स्वल्पविरामही बदलता येत नाही. ४२९ (फार विनंत्या) आणि ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) सोबत ‘रीट्राय आफ्टर’ हा पुन्हा केव्हा विचारायचं ते सांगणारा हेडर द्या. दुसऱ्याच्या खाजगी गोष्टीसाठी ४०३ (परवानगी नाही) ऐवजी ४०४ (सापडलं नाही) देणं योग्य असू शकतं. गिटहब ही कोड साठवण्याची सेवा खाजगी रिपॉझिटरीच्या (कोडच्या संग्रहाच्या) बाबतीत तेच करते. परवानगी नाही म्हटलं की ती गोष्ट आहे हे कळतं.

प्रश्न : आमचे संदेश इंग्रजीतून मराठीत आणले, पण वाचताना विचित्र वाटतात. कुठे चुकतंय?

बहुतेक वेळा तुकडे जोडण्यात. ‘अमुक सापडला नाही’ असा साचा ठेवून अमुकच्या जागी शब्द घातले की ‘फाइल सापडला नाही’ आणि ‘खातं सापडला नाही’ तयार होतं. मराठीत क्रियापद लिंग-वचनाने बदलतं: फोल्डर सापडला, फाइल सापडली, खातं सापडलं, ओळी सापडल्या. संख्येबरोबरही तसंच, १ ओळ वगळली, ५ ओळी वगळल्या. म्हणून पूर्ण वाक्यं वेगवेगळी लिहा, किंवा आयसीयू या भाषांसाठीच्या लायब्ररीच्या मेसेज फॉर्मॅटमध्ये लिंग आणि वचनानुसार पर्याय द्या. दुसरा खड्डा सामान्यरूपाचा. रकान्याचं नाव ‘पत्ता’ आणि साच्यात ‘मध्ये’ चिकटवलं की ‘पत्तामध्ये’ होतं. नाव अवतरणात ठेवून प्रत्यय दुसऱ्या शब्दाला लावा: ‘“पत्ता” या रकान्यात’. कुठलंही नाव बसतं.

शब्दांची निवडही पाहा. ‘अवैध ईमेल’ वाचून कायदा मोडल्यासारखं वाटतं. ‘ईमेलमध्ये @ नाही’ म्हणा. ‘घातक त्रुटी’ ऐवजी ‘प्रोग्राम बंद पडला’. ‘तुम्ही चुकीची तारीख टाकली’ ऐवजी ‘तारीख आजच्या आधीची हवी’. प्रत्येक वाक्यात ‘कृपया’ नको, तो कंटाळवाणा होतो आणि महत्त्वाचा शब्द मागे ढकलतो. एरर, पासवर्ड, लिंक हे शब्द लोक रोज वापरतात, त्यांना ओढूनताणून पर्याय शोधू नका. आणि संदर्भ क्रमांक किंवा कोड भाषांतरित करू नका. तो सगळ्या भाषांत तोच राहिला तर हेल्पडेस्कला शोधता येतो.

पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ऐकून काम करणाऱ्यांसाठी: फक्त लाल चौकट पुरत नाही. वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शिकेच्या ३.३.१ या निकषानुसार कुठे चूक झाली ते मजकुरात सांगायला हवं, आणि ३.३.३ नुसार दुरुस्ती माहीत असेल तर तीही, सुरक्षेला धक्का लागत नसेल तेव्हा. संदेश त्या रकान्याला कोडमध्ये जोडलेला हवा, म्हणजे रकान्यावर येताच तो वाचला जातो. पानाच्या टोकाला ठेवलेला संदेश वाचला जाईलच असं नाही.

प्रश्न : ‘अधिक तपशील’ असं बटण ठेवणं बरं का?

डेस्कटॉपच्या प्रोग्रामात, विकासकांच्या साधनांत आणि आतल्या कामासाठीच्या पडद्यांत जरूर. कल्पना जुनी आहे. युनिक्सचा अगदी आरंभीचा संपादक ‘एड’ चूक झाली की फक्त एक प्रश्नचिन्ह दाखवतो आणि ‘एच’ टाइप केलं की शेवटच्या प्रश्नचिन्हाचा अर्थ सांगतो. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर चुकीसोबत ई०३०८ असा क्रमांक देतो आणि ‘एक्सप्लेन’ हा पर्याय वापरून तो क्रमांक विचारला की उदाहरणासह सविस्तर समजावतो. दोन अटी सांभाळा. पुढे काय करायचं ते बटणाआड कधीच लपवू नका, कारण बरेच जण ते उघडत नाहीत. आणि बटणाआडचं ‘कुणी पाहणार नाही’ असं धरू नका. आत तेवढंच ठेवा, जे त्या माणसाच्याच यंत्रातलं किंवा त्याला आधीच दिसणारं आहे: आवृत्ती, फाइलीचा मार्ग, ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेला एरर क्रमांक, संदर्भ क्रमांक आणि वेळ. हे सगळं एका दाबात कॉपी होईल असं ठेवा, आणि कॉपी केलेला मजकूर साधा असू द्या, चित्र नको. चित्रातला क्रमांक हेल्पडेस्कला हाताने पुन्हा टाइप करावा लागतो.